भाड्याच्या गाड्यांसाठी नियम लिहायचेत? पहिला मसुदा हाती घेणाऱ्यांसाठी

ग्राहकाने गाडी परत केली, किल्ली बंद काउंटरच्या पेटीत टाकली आणि विमान पकडलं. तीन आठवड्यांनी कार्डाच्या हिशेबात एक मोठी रक्कम वजा झालेली दिसते. विचारलं तर उत्तर येतं की मागच्या बंपरवर ओरखडा होता, करारातल्या अमुक कलमानुसार वसुली केली आहे. सोबत एक फोटो, अंधारात काढलेला, तारीख नसलेला. आता तो ओरखडा आपण पाडला नाही हे ग्राहकाने सिद्ध करायचं. पैसे तर गेलेच आहेत.

या धंद्यातली बहुतेक दुखणी इथून सुरू होतात. इतर व्यवहारांत विक्रेत्याला वसुलीसाठी ग्राहकाच्या मागे लागावं लागतं. इथे ग्राहक स्वतःच्याच पैशांच्या मागे लागतो. ग्राहकाचं कार्ड गाडी देणाऱ्या कंपनीच्या हातात असल्यामुळे वाद सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. म्हणून माझं पहिलं आणि आग्रहाचं सांगणं असं की भाड्याचे दर बांधून देण्यात शक्ती घालवू नका. पैसे कोणत्या क्षणी कापता येतील आणि तेव्हा पुरावा कोणी द्यायचा, या दोन प्रश्नांवर मसुदा उभा करा.

ग्राहक संघटनेत नव्याने आलेले कार्यकर्ते, वाहतूक किंवा ग्राहक खात्यात नुकतीच नेमणूक झालेले अधिकारी, धोरणाचे विद्यार्थी, असे कोणीही हा क्रम वापरू शकतात. देश कोणताही असो, करारांचे कागद आश्चर्य वाटावं इतके सारखे असतात.

पायरी १ : आधी करार वाचा, मग कायदा

बाजारातल्या आठ-दहा कंपन्यांचे करार मिळवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग स्वतः बुकिंग करून पाहा. पैसे भरण्याच्या पानापर्यंत गेलात तरी पुरे. प्रत्येक पानावर किंमत किती दिसते ते लिहून ठेवा.

त्यानंतर एका मोठ्या कागदावर भाड्याचा प्रवास मांडा: शोध, बुकिंग, काउंटर, गाडीचा ताबा, वापर, परत देणं आणि परत दिल्यानंतरचे आठवडे. हाती असलेली प्रत्येक तक्रार यातल्या एका क्षणाखाली चिकटवा. गर्दी कुठे होते ते दिसेल. वापराच्या काळातल्या तक्रारी, म्हणजे गाडी बंद पडली, एसी चालला नाही, त्या मानाने कमी निघतात आणि लवकर मिटतात. काउंटर आणि परतीनंतरचे आठवडे हे खरे रोगट भाग. मसुद्यातली पानं त्याच प्रमाणात वाटा.

पायरी २ : नियम कोणाला लागू, हे ठरवा

व्याख्येचं कलम कंटाळवाणं वाटतं, पण पळवाट तिथेच तयार होते. भारतात १९८९ ची 'रेंट अ कॅब' योजना आहे. तिच्याखाली परवाना हवा तर किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो. अमेरिकेतला सदोष गाड्यांबाबतचा कायदा (तो पुढे येईलच) ३५ गाड्यांच्या मर्यादेवर आखलेला आहे. अशा आकड्यांमागे हेतू चांगला असतो, पण ओरखड्याची भरपाई मागणाऱ्याकडे चार गाड्या आहेत की चार हजार, याने ग्राहकाला काय फरक पडतो? म्हणून परवान्याची मर्यादा वेगळी ठेवा आणि ग्राहक-संरक्षणाच्या कलमांना मर्यादाच ठेवू नका.

तीन जणांची नावं व्याख्येत हवीतच: गाडी प्रत्यक्ष देणारा, मधला दलाल (संकेतस्थळ), आणि खासगी मालकांच्या गाड्या लोकांना मिळवून देणारा प्लॅटफॉर्म. दलालाकडून घेतलेली अतिरिक्त हमी (गाडीचं नुकसान झालं तर पैशांचा भार उचलण्याची) आणि काउंटरवर विकली जाणारी हमी यांचा गोंधळ हा तक्रारींचा वेगळाच झरा आहे. ग्राहक म्हणतो, 'मी पूर्ण विमा घेतलाय'. काउंटरवरचा माणूस म्हणतो, 'तो आमचा नाही'. दोघंही खरं बोलतात! दलालाची हमी अशी असते की आधी तुम्ही कंपनीला पैसे द्या, मग आम्ही तुम्हाला परत देऊ. हे वाक्य बुकिंगच्या पानावर ठळक छापणं दलालावर बंधनकारक करा.

पायरी ३ : पहिल्या पानावर दिसेल तीच किंमत

शोधात एक आकडा, पुढच्या पानावर विमानतळ शुल्क, त्याच्या पुढे गाडीच्या नोंदणीखर्चाची वसुली, शेवटी कर. किंमत अशी थेंबाथेंबाने वाढवण्याची सवय या धंद्यात जुनी आहे. नियम एका ओळीत लिहिता येतो: जी रक्कम टाळता येत नाही ती पहिल्या दिसणाऱ्या किमतीत हवी. खरी मेहनत 'टाळता येत नाही' याची व्याख्या करण्यात आहे. कंपन्या शुल्काला 'ऐच्छिक' म्हणतात, पण ते न घेता गाडी मिळतच नाही. माझी कसोटी साधी आहे: प्रत्यक्ष किती ग्राहकांनी ते शुल्क न भरता गाडी नेली याची नोंद कंपनीने दाखवावी. दाखवता आली नाही तर ते शुल्क सक्तीचं समजावं.

तरुण चालकांकडून घेतला जाणारा अधिभार आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचं शुल्कही इथेच येतं. वय आणि परतीचं ठिकाण शोधतानाच विचारलेलं असतं, तेव्हा हे आकडे काउंटरपर्यंत लपवायला काही कारण उरत नाही.

आधीच टिक केलेल्या चौकटी युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशाने मोडीत काढल्या. अशा चौकटीतून घेतलेल्या जादा रकमेला ग्राहक बांधील नसतो आणि ती त्याला परत मिळते. भारतानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरोधी, म्हणजे संकेतस्थळावर ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि ग्राहकाच्या टोपलीत नकळत वस्तू टाकणं हे दोन्ही प्रकार नावानिशी आहेत.

नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट. युरोपात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करता येते, हे अनेकांना माहीत असतं. पण त्याच निर्देशात ठरावीक तारखेच्या गाडीभाड्याला या हक्कातून वगळलं आहे. म्हणून 'सर्वसाधारण ग्राहक कायदा आहेच की' म्हणून निवांत बसू नका. रद्द करण्याच्या अटी तुमच्या मसुद्यात स्वतंत्रपणे लिहा.

पायरी ४ : काउंटरवरची दहा मिनिटं

लांबच्या प्रवासाने शिणलेला माणूस, मागे रांग, बाजूला रडणारं मूल, आणि समोर एक वाक्य: 'हे घेतलं नाहीत तर सगळी जबाबदारी तुमची.' काय विकलं जातंय ते आधी नीट समजून घ्या. नुकसान-माफी, म्हणजे जिला कंपन्या 'सीडीडब्ल्यू' किंवा 'एलडीडब्ल्यू' म्हणतात, ती बहुतेक ठिकाणी विमा नसतेच. गाडीचं नुकसान झालं तर आम्ही ते तुमच्याकडून वसूल करणार नाही, असं कंपनीचं ते वचन असतं. विमा नसल्यामुळे विम्याच्या नियामकाचा हात तिथे पोहोचेलच असं नाही. शिवाय वचन अर्धवट असतं. टायर, काचा, टप, गाडीचा तळ अनेकदा वगळलेले असतात, आणि एका ठरावीक रकमेपर्यंतचा भार (याला 'एक्सेस' म्हणतात) ग्राहकावरच राहतो. तो भार कमी करायला पुन्हा वेगळे पैसे!

न्यूयॉर्क राज्याने एकदा याच्यावर टोकाचा उपाय करून पाहिला. ही माफी विकण्यावरच बंदी घातली आणि ग्राहकाची जबाबदारी जवळजवळ १०० डॉलरवर आणून ठेवली. २००३ मध्ये तो कायदा बदलावा लागला. बंदीने प्रश्न सुटतो असं म्हणूनच मी म्हणणार नाही. गाडी बेफिकीरपणे वापरणाऱ्याचा खर्च शेवटी इतर ग्राहकांच्या भाड्यात येतो.

मधला मार्ग असा. माफीची किंमत, वगळलेले भाग आणि एक्सेसची रक्कम बुकिंगच्या वेळीच, सर्व कंपन्यांसाठी एकाच नमुन्याच्या तक्त्यात द्यायची. काउंटरवर ती विकायची असेल तर बुकिंगच्या वेळच्या दरापेक्षा महाग विकायची नाही. ग्राहकाने एकदा 'नको' म्हटल्याची नोंद घ्यायची आणि पुन्हा विचारायचं नाही. विक्रीवर कर्मचाऱ्याला कमिशन मिळत असेल तर ते उघड करायला लावावं असं माझं मत आहे. कंपन्यांना हे कलम सर्वांत जास्त बोचतं, म्हणजेच ते कामाचं आहे.

माफी कधी रद्द होते, तेही पाहा. 'चालकाचा गंभीर निष्काळजीपणा आढळल्यास माफी संपूर्ण रद्द' असं कलम जर्मनीतल्या एका करारात होतं. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०११ मध्ये ते अवैध ठरवलं. चूक किती गंभीर होती त्या प्रमाणात जबाबदारी ठरवावी, सगळं किंवा काहीच नाही असं चालणार नाही, हा त्यातला विचार. तो जसाच्या तसा उचलण्याजोगा आहे.

पायरी ५ : ओरखडा कोणाचा?

इथे वेळ घाला. बाकी सगळं थोडं कच्चं राहिलं तरी चालेल, हे नाही.

एक: पुराव्याचा भार. 'गाडी ताब्यात देताना हे नुकसान नव्हतं आणि परत घेताना होतं, हे दाखवण्याची जबाबदारी भाड्याने देणाऱ्याची राहील.' हे वाक्य मसुद्यात असं स्पष्ट हवं. ते नसेल तर करारातली बारीक अक्षरं उलटा अर्थ लावतात.

दोन: दोन्ही वेळची तपासणी. चारही बाजू, टप, काचा, चाकं, आतला भाग, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचे तारीख-वेळेसह फोटो कंपनीने काढायचे आणि त्याच दिवशी ग्राहकाला पाठवायचे. फोन सगळ्यांकडे आहेत, त्यामुळे खर्चाचं कारण टिकत नाही. ताब्याच्या वेळचे फोटो नसतील तर नुकसानीचा दावाच करता येणार नाही, असा परिणाम जोडा. परिणाम न जोडलेला नियम म्हणजे सुविचार.

तीन: रात्री गाडी परत देणं. काउंटर बंद असताना किल्ली पेटीत टाकायला लावायची आणि सकाळी दहा वाजता गाडी तपासेपर्यंतची जबाबदारीही ग्राहकाच्याच गळ्यात, ही करारांतली आवडती युक्ती. किल्ली टाकली की जबाबदारी संपली, असं लिहा. ग्राहकाने स्वतः काढलेले फोटो पुरावा म्हणून ग्राह्य धरा. कंपनीला धोका वाटत असेल तर तिने रात्री माणूस ठेवावा.

चार: मुदत. परतीनंतर ठरावीक दिवसांत दावा कळवला नाही तर हक्क संपला. मी सात दिवस सुचवेन. कंपन्या तीस मागतील.

पाच: रक्कम. बंपरवरच्या एका रेघेसाठी अख्ख्या बंपरची किंमत मागितली जाते, आणि दुरुस्ती मात्र होतच नाही. तीच रेघ पुढच्या ग्राहकालाही दाखवली जाते. म्हणून अंदाजपत्रकावर वसुली नको, दुरुस्तीचं खरं बिल हवं. त्यावर गाडीचा नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. गाडीच्या वयानुसार घसारा वजा व्हायला हवा. दुरुस्तीच्या काळात गाडी बंद राहिली म्हणून मागितलेली भरपाई त्या दिवसांत ताफ्यातल्या इतर सगळ्या गाड्या बाहेर होत्या हे दाखवलं तरच मिळावी. अंगणात दहा गाड्या उभ्या असताना अकराव्या गाडीचं उत्पन्न बुडालं म्हणणं पटत नाही. रोजच्या वापराची झीज म्हणजे काय, हे मोजमापासह परिशिष्टात द्या: किती लांबीपर्यंतची रेघ, किती मापाचा पोचा, चाकाच्या कडेला किती घासलेलं चालेल. हे परिशिष्ट लिहिताना गॅरेजमधल्या माणसाला शेजारी बसवा, वकिलाला नव्हे.

युरोपीय आयोग आणि सदस्य देशांच्या ग्राहक यंत्रणांनी २०१५ मध्ये एव्हिस, युरोपकार, एंटरप्राइज, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच कंपन्यांकडून आश्वासनं मिळवली. त्यांतलं एक असं की नुकसानीचे पैसे घेण्याआधी ग्राहकाला कारणं आणि पुरावा द्यायचा आणि आक्षेप घेण्याची संधी द्यायची. म्हणजे मोठ्या कंपन्यांना हे जमतं. 'व्यवहारात अशक्य आहे' असं बैठकीत कोणी म्हणालं तर ही नोंद समोर ठेवा.

पायरी ६ : अडकवलेली अनामत

डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम रोखून धरतात. पैसे खात्यातच असतात, पण वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड नसलेल्या किंवा कमी मर्यादा असलेल्या ग्राहकाची इथेच कोंडी होते: महिन्याच्या खर्चाची रक्कम अडकते आणि गाडी परत दिल्यावरही सुटत नाही. कंपनी बँकेकडे बोट दाखवते, बँक कंपनीकडे.

युरोपीय संघाच्या २०१५ च्या देयक-सेवा निर्देशातलं ७५ वं कलम इथे नमुना म्हणून वापरा. अंतिम रक्कम आधी माहीत नसेल तर ग्राहकाने नेमक्या आकड्याला संमती दिल्याशिवाय बँकेला पैसे रोखता येत नाहीत, आणि अंतिम आकडा कळताच उरलेले विनाविलंब मोकळे करावे लागतात. तुमच्या मसुद्यात यात दोन गोष्टींची भर घाला. गाडी परत आल्यापासून किती तासांत कंपनीने बँकेला अंतिम आकडा कळवायचा ते लिहा. आणि वादात असलेली रक्कम रोखलेल्या पैशांतून परस्पर वळती करण्यास मनाई करा. दुसऱ्या कलमाला विरोध होईल. तिथे हटू नका, कारण सुरुवातीला सांगितलेलं सगळं दुखणं याच एका सवलतीवर पोसलेलं आहे.

पायरी ७ : इंधन, टोल, दंड

इंधनाला एक ओळ पुरते: भरलेली टाकी घ्या, भरलेली द्या, हा पर्याय प्रत्येक ग्राहकाला मिळालाच पाहिजे. आगाऊ पूर्ण टाकीचे पैसे घेऊन उरलेल्या इंधनाचा परतावा न देण्याची पद्धत ही उघडउघड नफेखोरी आहे.

टोल आणि वाहतूक दंडाच्या बाबतीत मूळ रक्कम ग्राहकाने भरायची, यात वाद नाही. वाद 'प्रशासकीय शुल्का'चा असतो. क्षुल्लक टोलवर त्याच्या कित्येक पट शुल्क लागतं. शुल्क प्रत्यक्ष खर्चापुरतं मर्यादित करा. मूळ नोटिशीची प्रत ग्राहकाला दिल्याशिवाय ते आकारता येणार नाही आणि एका भाड्यात कितीही टोल लागले तरी ते एकदाच लागेल, हेही लिहा.

पायरी ८ : सदोष गाडी रस्त्यावर नको

२००४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन तरुण बहिणींचा भाड्याच्या गाडीत मृत्यू झाला. त्या गाडीतल्या दोषाबद्दल उत्पादकाने आधीच ती परत बोलावली होती. दुरुस्ती न करताच ती भाड्याने गेली. त्यांच्या आईने अनेक वर्षं लढा दिला आणि त्या दोघींच्या नावाचा कायदा (पायरी २ मध्ये उल्लेख आला तो) २०१५ च्या अखेरीस झाला, २०१६ च्या जूनपासून लागू झाला. परत बोलावल्याची सूचना आली की जास्तीत जास्त २४ तासांत, आणि त्या सूचनेत कंपनीच्या ५,००० पेक्षा जास्त गाड्या येत असतील तर ४८ तासांत, ती गाडी भाड्यातून बाहेर काढायची. तोवर अमेरिकेत नवी गाडी विकणाऱ्याला असं बंधन होतं, भाड्याने देणाऱ्याला नव्हतं. तुमच्याकडे ही फट आहे का, ते आजच तपासा. दोन परिच्छेदांचं कलम आहे, आणि अख्ख्या मसुद्यात जीव वाचवणारं बहुधा हेच.

पायरी ९ : गाडीतला पाळत्या

ट्रॅकर असावा की नसावा, यावर भांडू नका. चोरीला गेलेली गाडी शोधायला तो लागतो. त्या माहितीचा वापर कशासाठी, हे बांधून द्या. कनेटिकट राज्यातली एक कंपनी गाडी ताशी ७९ मैलांच्या वर दोन मिनिटं गेली की उपग्रह-यंत्रणेच्या आधारे दर वेळी १५० डॉलर कापत असे. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००५ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला: गाडीची झीज सेंटांत मोजावी इतकी, आणि आकार १५० डॉलर, तेव्हा ही भरपाई नसून दंड आहे, आणि दंड करण्याचा अधिकार कंपनीला नाही. हीच कसोटी उशिरा परत देणं, धूम्रपान, हरवलेली किल्ली अशा प्रत्येक 'दंडा'ला लावता येते.

याहून भयंकर प्रकार पोलिसांचा. नोंदीतल्या घोळामुळे गाडी चोरीला गेल्याची फिर्याद होते, आणि रीतसर भाडं भरलेला ग्राहक कोठडीत जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी. अमेरिकेत असे ३६४ दावे मिटवण्यासाठी हर्ट्झने डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे १६.८ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. नियम असा हवा: फिर्याद देण्याआधी ग्राहकाशी दोन वेगवेगळ्या मार्गांनी संपर्क, मुदतवाढीच्या आणि पैशांच्या नोंदींची माणसाने केलेली तपासणी, आणि गाडी मिळाल्यावर फिर्याद ताबडतोब मागे.

पायरी १० : दात कुठून आणायचे

दंडाची रक्कम एका प्रकरणावर ठरवली तर कंपनी तो धंद्याचा खर्च समजून भरते. ती उलाढालीशी जोडा. बेकायदा वसुलीचा परतावा मूळ रकमेपेक्षा जास्त असू द्या. वाद मिटवणारी यंत्रणा विनामूल्य आणि कागदपत्रांवर चालणारी हवी, कारण ग्राहक बहुतेक वेळा दुसऱ्या शहरात किंवा देशात परतलेला असतो. सुनावणीला तो येणार नाही हे कंपनीला ठाऊक असतं. शिवाय प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तीन आकडे जाहीर करावेत: एकूण भाडी किती, त्यांतल्या किती भाड्यांवर परतीनंतर वसुली झाली, आणि आक्षेपानंतर किती वसुली मागे घेतली. तिसरा आकडा दुसऱ्याच्या जवळ जाऊ लागला की त्या कंपनीच्या दारात निरीक्षक पाठवा, तोही साध्या ग्राहकाच्या वेशात.

मसुदा तयार झाला की पायरी १ मधला मोठा कागद पुन्हा काढा. त्यावरच्या दहा खऱ्या तक्रारी निवडा आणि प्रत्येकीवर तुमची कलमं लावून पाहा: पैसे कापले गेले असते का, गेले असते तर किती दिवसांत परत आले असते, ग्राहकाला किती कागद जोडावे लागले असते. दहापैकी तीन प्रकरणांत जरी ग्राहक अजून स्वतःच्या पैशांच्या मागे धावताना दिसला, तर पायरी ५ आणि ६ ची कलमं पुन्हा लिहायला घ्या.